कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डांगे कोण होते? अगदी थोडक्यात सांगा.

जन्म १० ऑक्टोबर १८९९, नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, करंजगावी. मृत्यू २२ मे १९९१. भारतातल्या कम्युनिस्ट चळवळीच्या अगदी पहिल्या फळीतले कार्यकर्ते, मुंबईच्या गिरणी कामगार युनियनचे संस्थापक, आयटकचे (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस या कामगार महासंघाचे) अनेक वर्षांचे नेते, संयुक्त महाराष्ट्र समितीचे एक प्रमुख सूत्रधार, दोनदा लोकसभेचे खासदार, १९६२ साली भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष आणि १९८१ साली त्याच पक्षातून काढून टाकलेले सभासद.

शेवटच्या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात कशा घडल्या, हे कळले की बाकीचे पुष्कळ कळते. डांगे आयुष्यभर एक काम हातखंडा करत: पक्षाबाहेरच्या माणसांना गाठायचे, त्यांच्याशी जमवून घ्यायचे आणि आपल्या ताकदीपेक्षा मोठे मैदान मारायचे. १९२८मध्ये आणि १९५७मध्ये त्यांना याचे फळ मिळाले. १९६४मध्ये आणि १९७८नंतर याच सवयीची किंमत मोजावी लागली. पुढची बहुतेक उत्तरे फिरून इथेच येतात.

ते कम्युनिस्ट कसे झाले? रशियात जाऊन शिकून आले का?

नाही. सुरुवातीचे काही भारतीय कम्युनिस्ट मुहाजिर म्हणून किंवा क्रांतिकारक म्हणून ताश्कंद-मॉस्कोला पोचले आणि तिथे घडले. डांगे मुंबईतच, पुस्तके वाचून कम्युनिस्ट झाले. विद्यार्थी असताना त्यांच्यावर टिळकांच्या राजकारणाचा संस्कार होता. विल्सन कॉलेजात बायबलच्या सक्तीच्या तासांविरुद्ध त्यांनी चळवळ केली, कॉलेज सुटले आणि ते असहकाराच्या आंदोलनात आले.

१९२१ साली त्यांनी ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका लिहिली. वय बाविशीच्या आत. पुस्तिकेत मार्क्सवादाची जाण कच्चीच आहे आणि गांधींबद्दल आदरही आहे. पण भारतीय राजकारणात या दोन नावांना समोरासमोर ठेवून विचार करणारे त्या वेळी फारसे कोणी नव्हते. ती वाचून रणछोडदास लोटवाला पुढे आले. लोटवाला पिठाच्या गिरणीचे मालक. त्यांनी डांग्यांना पैसा दिला आणि मार्क्सवादी पुस्तकांचा संग्रह वापरायला दिला. भांडवलदाराच्या पैशावर साम्यवादाचा अभ्यास, हा विनोद डांग्यांच्या विरोधकांनी पुढे बराच वापरला. परदेशात बसलेले भारतीय कम्युनिस्ट पुढारी मानवेंद्रनाथ रॉय यांनीही या तरुणाची दखल घेतली. ऑगस्ट १९२२मध्ये डांग्यांनी ‘सोशालिस्ट’ हे साप्ताहिक काढले.

कानपूर खटला आणि मीरत खटला एकच का?

दोन वेगळे. अनेक लेखांत त्यांची सरमिसळ झालेली दिसते, म्हणून इथे वेगळे करून ठेवतो.

कानपूर बोल्शेविक कट खटला १९२४चा. रॉय यांच्याशी पत्रव्यवहार करून ब्रिटिश बादशहाचे भारतावरील सार्वभौमत्व नष्ट करण्याचा कट केला, हा आरोप. डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता यांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर १९२५मध्ये कानपुरातच कम्युनिस्टांची पहिली परिषद भरली, तेव्हा डांगे तुरुंगात होते. ते सुटले १९२७मध्ये.

मीरत कट खटला मोठा. २० मार्च १९२९ रोजी देशभर एकाच वेळी धरपकड झाली. आरोपींत फिलिप स्प्रॅट, बेन ब्रॅडली आणि पुढे लेस्टर हचिन्सन हे तीन इंग्रजही होते. खटला जवळजवळ चार वर्षे चालला. सरकारला कम्युनिझमचा बीमोड करायचा होता. प्रत्यक्षात आरोपींच्या जबान्या वर्तमानपत्रांतून छापून येत राहिल्या आणि देशाला फुकटात मार्क्सवादाची शिकवणी मिळाली. जानेवारी १९३३मध्ये डांग्यांना बारा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपिलात ती तीन वर्षांवर आली. १९३५मध्ये ते बाहेर आले.

१९२८च्या संपाचे एवढे काय आहे?

या माणसाबद्दल एकच गोष्ट वाचायची असेल तर ही वाचा.

एप्रिल १९२८मध्ये मुंबईच्या कापड गिरण्या बंद पडल्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बंद राहिल्या. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने घरी बसले. कारण साधे होते. मालकांना कमी माणसांत जास्त काम हवे होते: दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, रिंग खात्यात एकेकाने जास्त बाजू बघा. त्याला त्यांनी ‘रॅशनलायझेशन’ असे गोंडस नाव दिले होते. कामगारांच्या हिशेबी त्याचा अर्थ एकच, बाजूचा माणूस जाणार.

संपाला सुरुवात झाली तेव्हा कम्युनिस्टांची युनियन नावालाही नव्हती. गिरणी कामगार युनियन स्थापन झाली ती संप सुरू झाल्यानंतर, मे महिन्यात. अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे. आळवे स्वतः गिरणी कामगार होते. सरचिटणीस डांगे. सुरुवातीची सभासदसंख्या ३२४. वर्ष संपता संपता ती चोपन्न हजारांवर गेली. कामगार वर्गणी भरत होता, म्हणजे नुसत्या टाळ्या वाजवत नव्हता.

डांग्यांच्या स्वभावाचा पहिला ठळक पुरावा या संपात दिसतो. कामगारांत आधीपासून ना. म. जोशी यांची नेमस्त वळणाची युनियन होती. जहाल मंडळींना जोशी म्हणजे तडजोडवादी वाटत. पण संयुक्त संप समिती झाली आणि तीत दोन्ही बाजू बसल्या. मालकांशी बोलायला जोशींची पत, मैदानावर माणसे धरून ठेवायला डांगे आणि त्यांचे साथी मिरजकर, निंबकर, जोगळेकर. सहा महिने उपाशीपोटी संप टिकला तो या जोडीमुळे, असे माझे मत आहे. गावाकडून येणारे धान्य आणि गिरणगावातल्या खानावळींची उधारी यांचाही त्यात वाटा होता; कोकणात-घाटावर शेतीचा तुकडा असलेला कामगार तिकडे जाऊन महिने काढू शकत असे.

संपाचा शेवट वादाच्या चौकशीसाठी फॉसेट समिती नेमून झाला. पगारकपात तात्पुरती थांबली. पण पुढच्याच वर्षी मीरतची धरपकड झाली, पुढारी तुरुंगात गेले, एप्रिल १९२९चा दुसरा सार्वत्रिक संप फसला आणि युनियन जवळजवळ मोडली.

दलित कामगारांबाबत या युनियनची भूमिका काय होती? आणि डांगे-आंबेडकर संबंध?

हा प्रश्न डांग्यांच्या चाहत्यांना नको असतो.

गिरण्यांत विणखाते हे जास्त पगाराचे खाते. तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे की कांडीतला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होतो. संपाच्या मागण्यांत या बंदीविरुद्ध काही नव्हते. डॉ. आंबेडकरांनी बजावले की विणखाते खुले करण्याची मागणी घातली नाही तर अस्पृश्य कामगार संपात राहणार नाहीत. तेव्हा कुठे ती मागणी यादीत आली, तीही नाइलाजाने. वर्गाची लढाई लढताना जात आपोआप विरघळेल, हा त्या पिढीच्या कम्युनिस्टांचा हिशेब होता. तो चुकला.

दहा वर्षांनी चित्र बदलले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. डांगे आणि आंबेडकर एकाच बाजूने उभे राहिले.

मग १९५२. मुंबई उत्तर हा द्विसदस्य मतदारसंघ होता: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. राखीव जागेवर आंबेडकर, सर्वसाधारण जागेवर त्यांचे सहकारी समाजवादी अशोक मेहता. त्याच सर्वसाधारण जागेवर कम्युनिस्टांचे डांगे. दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. आंबेडकर नारायण काजरोळकर यांच्याकडून साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरले आणि त्याच मतदारसंघात चौऱ्याहत्तर हजारांवर मते बाद ठरली. डांग्यांनी आपल्या मतदारांना दुसरे मत ‘कुजवायला’, म्हणजे वाया घालवायला, सांगितले, असा आरोप करून आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक याचिका केली. ती फेटाळली गेली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटले. आंबेडकरी समाजाच्या मनात ते मिटलेले नाही, आणि का मिटावे, असेही विचारता येईल. सगळ्यांना सोबत घेणारा हा नेता ज्या ठिकाणी सोबत घ्यायला सर्वात जास्त कमी पडला, ते ठिकाण हे आहे.

‘चले जाव’ला डांग्यांनी विरोध केला, हे खरे का?

पक्षाने केला. हिटलरने रशियावर हल्ला केल्यानंतर भारतीय कम्युनिस्टांनी युद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हटले आणि बेचाळीसच्या आंदोलनापासून पक्ष बाजूला राहिला. डांगे या काळात बाहेर नव्हतेच. मार्च १९४०च्या महागाई भत्त्याच्या संपानंतर त्यांना अटक झाली होती; देवळीच्या छावणीत आणि नंतर येरवड्यात राहून ते १९४३मध्ये सुटले. पण पक्षाची भूमिका त्यांनी नाकारली नाही, त्यामुळे त्या भूमिकेचे ओझे त्यांच्याही खांद्यावर आले. पुढे कितीतरी निवडणुकांत ‘बेचाळीसला कुठे होता?’ हा प्रश्न कम्युनिस्टांना विचारला गेला.

स्टॅलिनला ते खरेच भेटले होते?

हो, १९५१च्या सुरुवातीला. स्वातंत्र्यानंतर भालचंद्र त्र्यंबक रणदिवे यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने सशस्त्र उठावाची वाट धरली होती. दोन वर्षांत पक्षाचे कंबरडे मोडले. पुढे कोणत्या मार्गाने जायचे यावर एकमत होईना, म्हणून चौघे गुपचूप मॉस्कोला गेले: डांगे, अजय घोष, सी. राजेश्वर राव आणि एम. बसवपुन्नय्या. राव आणि बसवपुन्नय्या तेलंगणाच्या सशस्त्र शेतकरी लढ्यातले, शस्त्रे ठेवायला नाखूश. डांगे आणि घोष निवडणुका आणि कामगार संघटना यांच्या बाजूचे. परत आल्यावर नवा कार्यक्रम ठरला आणि पक्ष १९५२च्या निवडणुकीत उतरला.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डांग्यांचे नेमके काम काय? अत्रे आणि एसेम यांचीच नावे जास्त ऐकू येतात.

अत्र्यांची लेखणी आणि जीभ, एसेम जोशींची निर्मळ प्रतिमा, प्रबोधनकारांचा दरारा, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचे डफ. यांच्यापुढे डांग्यांचे काम डोळ्यांत भरत नाही, कारण ते बरेचसे पडद्यामागचे होते.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला. पुढे हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात कोण नव्हते? प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, हिंदू महासभा. रशियाला स्वर्ग मानणारे आणि रशियाचे नाव काढताच उठून जाणारे एकाच सतरंजीवर बसले होते. समाजवाद्यांना कम्युनिस्टांचा भरवसा नव्हता. बेचाळीसची जखम ताजी होती. ही मोट फुटू न देण्यात एसेमचा जेवढा हात, तेवढाच डांग्यांचा. आणि मुंबईत माणसे रस्त्यावर आणायची वेळ आली की गिरणगाव लागायचे. गिरणगाव म्हणजे लाल बावटा.

‘मुंबई कोणाची’ या प्रश्नाला डांग्यांनी कामगारांच्या पोटाशी जोडले. भांडवलदारांना मुंबई वेगळी हवी ती त्यांच्या गिरण्या, गोद्या आणि बाजार यांच्यासाठी; ज्याच्या घामावर ती उभी राहिली त्या कोकण-घाटावरच्या मराठी कामगाराला तिच्यावर हक्क हवा, ही मांडणी. भाषेचा प्रश्न आणि वर्गाचा प्रश्न एका वाक्यात बसवता येणे, ही साधी गोष्ट नाही. दिल्लीतल्या अनेक कम्युनिस्टांना भाषावार प्रांतरचना तत्त्वतः मान्य होती, पण तिच्यावर मोर्चा काढून निवडणूक जिंकता येते, हे मुंबईत डांग्यांनी करून दाखवले.

१९५७च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबईत काँग्रेसची दाणादाण उडवली. डांगे मुंबई शहर मध्य मतदारसंघातून प्रचंड मताधिक्याने लोकसभेत गेले. मुंबई महापालिकाही समितीकडे आली आणि १९५८मध्ये मीरत खटल्यातले त्यांचे जुने सहकारी एस. एस. मिरजकर मुंबईचे महापौर झाले.

महाराष्ट्र राज्य झाले १ मे १९६० रोजी. राज्य मिळताच समितीचे कारण संपले. प्रजा समाजवादी बाहेर पडले, मोट सुटली आणि १९६२ला डांगे स्वतःच्याच मतदारसंघात पडले. कम्युनिस्टांना मिळालेली मते लाल बावट्याला नव्हती, मुंबईसह महाराष्ट्राला होती, हे त्या पराभवाने दाखवले. डांग्यांनी हे किती मनावर घेतले कोण जाणे.

ते किती वेळा निवडून आले?

१९४६मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेवर, कामगार मतदारसंघातून. लोकसभेवर १९५७ आणि १९६७ असे दोनदा; दुसऱ्यांदा मुंबई मध्य दक्षिणमधून. १९५२ आणि १९६२ला पराभव.

कामगारांना त्यांच्यामुळे हातात काय पडले?

महागाई भत्ता, बोनस, किमान वेतन या प्रत्येक लढ्यात आयटक आणि डांगे होते. एकट्यामुळे काहीच मिळाले नाही, कामगार चळवळीत तसे होत नसते. तरी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जुलै १९५७च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत गरजेवर आधारित किमान वेतनाचे निकष ठरले: कामगाराच्या कुटुंबाचे तीन उपभोग घटक धरायचे, माणशी २७०० उष्मांकांचा आहार, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्चाला वीस टक्के. आयटकने ही मागणी लावून धरली होती. सरकारांनी ते निकष वर्षानुवर्षे अमलात आणले नाहीत, पण १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक मानून त्यात शिक्षण, औषधपाणी वगैरेंची भर घातली. आजही वेतन कराराच्या टेबलावर ‘पंधरावी श्रम परिषद’ हे शब्द कानावर येतात.

उलट बाजूही आहे. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच युनियन प्रातिनिधिक ठरवली. कापड गिरण्यांत ती मान्यता काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला गेली. कामगार सभेला लाल बावट्याकडे आणि करारावर सही मात्र दुसऱ्याची, अशी विचित्र स्थिती पुढे काही दशके राहिली.

‘डांगे पत्रे’ काय प्रकरण आहे? ती खरी होती का?

मार्च १९६४मध्ये मुंबईच्या ‘करंट’ साप्ताहिकाने काही पत्रे छापली. १९२४ साली कानपूर खटल्यात तुरुंगात असताना डांग्यांनी ब्रिटिश सरकारला लिहिलेली, सुटकेच्या बदल्यात सरकारला मदत करण्याची तयारी दाखवणारी, असा दावा होता. मूळ कागद राष्ट्रीय अभिलेखागारात असल्याचे सांगितले गेले. डांगे म्हणाले, बनावट आहेत. पक्षातले बहुमत त्यांच्यासोबत राहिले. कानपुरात त्यांच्याबरोबर शिक्षा भोगलेले मुझफ्फर अहमद मात्र पत्रे खरी मानत आणि पुढे विरोधी गोटात गेले. ही साक्ष हलकी नाही. दुसरीकडे डांग्यांनी शिक्षा पुरती भोगली, सुटताच वर्षभरात सरकारला घाम फोडणारा संप उभा केला आणि मीरतमध्ये बारा वर्षांची शिक्षा ऐकली. सरकारला विकला गेलेला माणूस असे वागत नाही. चोवीस-पंचवीस वर्षांच्या कैद्याने एखाद्या हताश क्षणी काही लिहिले असेल, असे धरले तरी त्याच्या पुढच्या पंधरा वर्षांवर पाणी पडत नाही.

पण खरी-खोटी हा वाद मुळात तेव्हाही दुय्यम होता. पक्ष आतून आधीच दुभंगला होता. जानेवारी १९६२मध्ये सरचिटणीस अजय घोष वारले. तडजोड म्हणून नंबुद्रिपाद सरचिटणीस आणि डांगे अध्यक्ष झाले. अध्यक्षपद तोवर पक्षात नव्हतेच. ऑक्टोबरमध्ये चीनचे युद्ध पेटले. डांग्यांच्या गटाने चीनचा निषेध करून नेहरू सरकारच्या पाठीशी उभे राहण्याचा ठराव केला. दुसऱ्या गटातले कितीतरी जण भारत संरक्षण कायद्याखाली तुरुंगात गेले. आपण आत आणि डांगे बाहेर, ही सल त्यांच्या मनात राहिली. काँग्रेसमधल्या पुरोगाम्यांशी हातमिळवणी करायची की काँग्रेसविरुद्धच लढायचे, हा त्यामागचा खरा प्रश्न होता.

एप्रिल १९६४च्या राष्ट्रीय परिषदेत पत्रांवरच्या चर्चेच्या वेळी डांग्यांनी अध्यक्षपद सोडून बसावे अशी मागणी झाली. ती मानली गेली नाही आणि बत्तीस सदस्य उठून गेले. ज्योती बसू, नंबुद्रिपाद, सुंदरय्या, गोपालन हे त्यांत होते. वर्ष संपण्याआधी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष वेगळा झाला. स्वतःवरच्या आरोपाची चर्चा चालू असताना खुर्चीत बसून राहणे, हे मात्र डांग्यांच्या कीर्तीला शोभले नाही. चार पावले मागे सरून बसले असते तर फूट टळली नसती, पण निदान तिच्यावर त्यांचे नाव एवढे ठळक राहिले नसते.

मग ते भाकपचे की माकपचे?

भाकपचे, म्हणजे मूळ भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे. महाराष्ट्रातले रणदिवे, गोदावरी परुळेकर, अहिल्या रांगणेकर माकपमध्ये गेले. १९७०मध्ये कामगार आघाडीवरही फूट पडली आणि आयटकमधून माकपच्या बाजूची सिटू ही संघटना निघाली.

शिवसेनेने गिरणगाव घेतले तेव्हा डांगे काय करत होते?

शिवसेना १९६६ची. डिसेंबर १९६७मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कार्यालयावर हल्ला झाला. ५ जून १९७०च्या रात्री लालबागचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले.

यात कटू भाग असा: संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी ‘मराठी’ आणि ‘कामगार’ हे दोन शब्द डांग्यांनी एकत्र बांधले होते. राज्य मिळाल्यावर पक्षाने पहिला शब्द टाकून दिला आणि तो बाळासाहेब ठाकऱ्यांनी उचलला. चाळीतला तरुण नोकरी मागत होता; पक्ष त्याला व्हिएतनामबद्दल सांगत होता. काँग्रेसच्या नेत्यांनी सेनेला लाल बावट्याविरुद्ध वापरले हे खरे, पण सगळा दोष तिकडे ढकलून चालत नाही. १९८४मध्ये डांगे शिवसेनेच्या अधिवेशनाच्या व्यासपीठावरही गेले. जुन्या कार्यकर्त्यांना ते पाहवले नाही. कोणाच्याही मंचावर जाऊन आपले म्हणणे मांडायची सवय म्हातारपणीही सुटली नव्हती.

आणीबाणीला पाठिंबा का दिला? आणि पक्षातून का काढले?

एकाच उत्तराचे दोन भाग आहेत. १९६९मध्ये काँग्रेस फुटली, बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७१मध्ये रशियाशी करार झाला. इंदिरा गांधी म्हणजे काँग्रेसमधले पुरोगामी अंग आणि तिच्याशी आघाडी केली की देश डावीकडे वळेल, असे डांगे मानत. केरळात अच्युत मेनन यांचे सरकार काँग्रेसच्या साथीने चालूच होते. जून १९७५ला आणीबाणी आली तेव्हा भाकपने तिला पाठिंबा दिला. संपांवर बंदी आली, कामगारांचा बोनस कापला गेला, तरी पाठिंबा राहिला. कामगार नेत्याच्या कारकिर्दीतली ही सर्वात मोठी चूक, याबद्दल मला शंका नाही.

१९७७ला भाकपचे पानिपत झाले. १९७८च्या भटिंडा अधिवेशनात पक्षाने आणीबाणीचा पाठिंबा ही चूक होती असे कबूल केले आणि माकपबरोबर डावी आघाडी करायची दिशा घेतली. डांगे हटले नाहीत. पक्षात एकाकी पडले आणि १९८१मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. कन्या रोझा देशपांडे यांच्या पुढाकाराने निघालेल्या अखिल भारतीय कम्युनिस्ट पक्षात ते गेले. त्या पक्षाला बाळसे कधी आले नाही.

१९८२च्या गिरणी संपात ते होते का?

नेतृत्वात नव्हते. १८ जानेवारी १९८२पासून सुरू झालेल्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत. कामगार सामंतांच्या घरी गेला, कारण मान्यताप्राप्त युनियनवर त्याचा राग होता आणि लाल बावटा तोवर फाटला होता. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

ते विद्वान होते म्हणतात. काय लिहिले?

गाजलेले पुस्तक म्हणजे आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतच्या भारतीय समाजाचा इतिहास. ते येरवडा तुरुंगात लिहिले आणि १९४९मध्ये इंग्रजीत छापून आले. वेद, महाभारत आणि यज्ञसंस्था यांच्यातून वर्गपूर्व समाज शोधण्याचा प्रयत्न आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी त्याची सालटी काढली: एंगल्सचा साचा आधी घ्यायचा आणि संस्कृत वचने त्यात कोंबायची, ही इतिहासाची रीत नव्हे, असा त्यांचा रोख होता. कोसंबी बरोबर होते. तरी ब्राह्मणी परंपरेतल्या ग्रंथांना हात न लावता मार्क्सवाद शिकवता येणार नाही, हे डांग्यांना उमगले होते, याचे श्रेय त्यांना द्यावे.

उषाताई डांगे यांच्याबद्दल माहिती कमी का सापडते?

शोधली जात नाही म्हणून. बालविधवा, नर्सचे शिक्षण घेतलेल्या, डांग्यांशी पुनर्विवाह. नवरा वर्षानुवर्षे तुरुंगात असताना गिरण्यांतल्या स्त्री कामगारांना त्यांनी संघटित केले, मोर्चे काढले. ‘पण ऐकतं कोण?’ हे त्यांचे आत्मचरित्र. क्रांतिकारकाच्या घरात चूल कशी पेटत होती, हे डांग्यांच्या कोणत्याही चरित्रापेक्षा त्यात जास्त कळते, आणि नवऱ्याला त्यांनी त्यात झुकते माप दिलेले नाही. कन्या रोझा देशपांडे जानेवारी १९७४मध्ये मुंबई मध्य दक्षिणच्या पोटनिवडणुकीत लोकसभेवर निवडून आल्या. वरळीची दंगल आणि दलित पँथरचा बहिष्कार याच निवडणुकीतला.

एवढा मोठा नेता, मग कधी मंत्री कसा झाला नाही?

महाराष्ट्रात कम्युनिस्टांना सत्तेची संधी कधी मिळाली नाही. समिती सर्वात बळकट होती तेव्हा राज्य द्विभाषिक होते. गुजरात आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या आमदारांच्या जोरावर यशवंतराव चव्हाणांचे सरकार टिकले. केंद्रात भाकपचा पहिला मंत्री झाला तो १९९६मध्ये, इंद्रजित गुप्ता, थेट गृहमंत्री. तोवर डांगे जाऊन पाच वर्षे झाली होती. राजीव गांधींची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते गेले, त्यामुळे त्यांच्या मृत्यूची बातमी त्या आठवड्यात फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. संसदेच्या आवारात त्यांचा पुतळा २००४मध्ये बसला.